उत्कर्षरावांचा बोगदा

उत्कर्ष बोलायला लागला की गयाबाईंना दरवर्षी वर्गात एक तरी असतोच असा मुलगा आठवायचा: प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणारा, आणि उभं केलं की भलतंच उत्तर देणारा. अशा मुलांवर त्या कधी चिडल्या नव्हत्या. वाशीम जिल्ह्यातल्या शाळांत एकतीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला, त्यात असल्या कितीतरी पोरांना शेजारी बसवून एकच गणित दहादा समजावलं. पण उत्कर्ष चौथीत नव्हता. चव्वेचाळीस वर्षांचा होता, जर्मनीत एर्लांगेनच्या कंपनीत त्यांच्या मुलाच्या, सुगतच्या, वरच्या जागेवर होता, आणि स्वतःच्या मालकीचं वोनमोबील बाळगून होता. म्हणजे चाकांवरचं घर. आत शेगडी, संडास, पलंग, सगळं.

तिरस्कार करायला गयाबाईंना एवढं पुरत होतं. त्या सुगतच्या वयाच्या सगळ्यांना अरेतुरे करायच्या, फक्त उत्कर्षला ‘तुम्ही’ म्हणायच्या. मान म्हणून नव्हे, मध्ये जरा अंतर राहावं म्हणून.

आता त्याच्याच गाडीतून लंडनला जायचं होतं. उत्कर्षची बायको नंदिनी आधीच विमानाने बहिणीकडे गेली होती, तो गाडी घेऊन मागून निघणार होता आणि तीन जागा रिकाम्या होत्या. सुगतने शब्द टाकला. वाशीमहून राहायला आलेल्या आईला बाबासाहेब लंडनला शिकत असताना राहत होते ते घर दाखवायचं होतं. सूनबाई कीर्ती घरीच राहणार होती, कारण गाडीत पट्टे चार, आणि जर्मनीत पट्ट्याशिवाय पाचवं माणूस कोणी बसवत नाही.

निघण्याच्या आठवडाभर आधी उत्कर्ष लॅपटॉप घेऊन घरी आला. समुद्र ओलांडायचा कसा, हे ठरवायचं होतं. म्हणजे त्याने ठरवलेलं होतं, ते ऐकवायचं होतं.

“दोन मार्ग आहेत, काकू,” तो म्हणाला. “एक फेरी. गाडी बोटीच्या पोटात लावायची आणि वर जाऊन दीड तास बसायचं. दुसरा बोगदा. समुद्राखालून आगगाडी जाते. गाडी सरळ डब्यात चढवायची, गाडीतच बसून राहायचं, पस्तीस मिनिटांत पलीकडे.”

“बोगद्यात काय दिसतं?” गयाबाईंनी विचारलं.

“काही नाही. डब्याची भिंत.”

“आणि बोटीतून?”

“पाणी,” उत्कर्ष हसला. “नुसतं पाणी, काकू. त्यात काय बघायचंय?”

मग त्याने तक्ता उघडला. चौदा रकाने. गाडीची उंची दोन मीटर पंच्याण्णव, गॅसच्या टाक्या दोन, रांगेतला वेळ, वाऱ्याने खोळंबा व्हायची शक्यता, असं काय काय. प्रत्येक रकान्याला गुण आणि प्रत्येक गुणाला वजन. खाली बेरीज होती आणि बेरजेत बोगदा जिंकला होता. गयाबाईंनी चष्मा सावरून तो तक्ता वाचला. आधी उत्तर लिहून मग त्याला जुळणारी रीत मांडणारी पोरं त्यांनी खूप पाहिली होती. ती निदान खाडाखोड तरी लपवायची नाहीत.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” सुगत मान डोलावत म्हणाला. “बोगदाच बरा.”

गयाबाईंनी मुलाकडे पाहिलं. काल रात्री जेवताना त्यांनी त्याला सांगितलं होतं, “मला बोटीने जायचंय.” का, तेही सांगितलं होतं. दर चौदा एप्रिलला त्या वर्गात सांगायच्या, की मुलांनो, बाबासाहेब बोटीने विलायतेला गेले. आणि दरवर्षी एखादं पोर विचारायचंच, “बाई, बोटीत कसं वाटतं?” एकतीस वर्षं त्या उत्तर देत आल्या होत्या, आणि एकतीस वर्षांत गुडघाभर पाणी असलेली नदीसुद्धा त्यांनी कधी बोटीने ओलांडली नव्हती. सुगतने सगळं ऐकून घेतलं होतं. आणि आज तो गेनाऊ म्हणत होता. साहेबासमोर पोराचा कणा शेवयांसारखा व्हायचा.

स्वतः उत्कर्षला सांगायचं, तर त्यांची जीभ रेटेना. असल्या माणसापुढे मनातली गोष्ट ठेवायची म्हणजे कोऱ्या लुगड्यावर त्याला चिखलाचे पाय पुसू देणं.

“आणि लंडनला पोचल्यावर तुमचं ते घरही बघून घेऊ,” लॅपटॉप मिटत उत्कर्ष म्हणाला. “अर्ध्या तासात होईल.”

त्यातलं ‘तुमचं’ गयाबाईंनी बरोबर ऐकलं.

त्याच बैठकीत कागदपत्रांचा विषय निघाला. गयाबाईंचा आणि सुगतचा पासपोर्ट भारतीय, त्यामुळे दोघांनी केव्हाच इंग्लंडचा व्हिसा काढला होता. नऊ वर्षांची नात उर्जा इथेच जन्मली, तिचा जर्मन. सगळे म्हणाले, तिला काही लागत नाही. पण गयाबाईंना छापील मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड होती. इंग्लंड सरकारच्या पानावर त्यांनी उर्जाला मोठ्याने वाचायला लावलं, तेव्हा निघालं, की जर्मन पासपोर्टवाल्यांनाही आता निघण्याआधी फोनवरून परवानगी घ्यावी लागते. त्यांनी त्याच दिवशी उर्जाची घेऊन टाकली.

“उत्कर्षराव, तुमची परवानगी झाली का?” त्यांनी विचारलं.

“माझी?” तो खो खो हसला. “काकू, दोन वर्षं झाली मी जर्मन होऊन. आता रांगा आणि अर्ज तुमच्यासाठी. आम्हाला जगात कोणी काही विचारत नाही.”

शहाण्याला शब्दाचा मार, असं म्हणून गयाबाईंनी तोंड मिटलं.

शनिवारी ते निघाले. गाडीच्या मागे चार सायकली बांधलेल्या, चालवायला उत्कर्ष. स्टिअरिंगला तो दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. वाटेत त्याने गाडीतलं प्रत्येक बटण समजावून सांगितलं, मग तेच उर्जाला पुन्हा सांगितलं. उर्जा म्हणाली, “जा, जा, वाइस इश.” हो, हो, माहितीये. नातीचं जर्मन गयाबाईंना एवढं तरी कळायला लागलं होतं.

संध्याकाळी सहाला कोलोनच्या अलीकडे वोनमोबीलांच्या तळावर मुक्काम पडला. अजून लख्ख उजेड होता. शेजारच्या गाड्यांतले जर्मन म्हातारे खुर्च्या टाकून बिअर पीत होते. सुगतने वरणभाताचा कुकर लावला. उत्कर्ष फोनवर नंदिनीशी बोलत होता: “उद्या एकची आगगाडी. पावणेदोनच्या आत इंग्लंडमध्ये! तुझ्या भावजींना म्हणावं, याला म्हणतात प्लॅनिंग.”

गयाबाई पायरीवर काकडी चिरत बसल्या होत्या. त्यांना ठाऊक होतं, की उद्या नाक्यावर याचा पासपोर्ट यंत्रात घातला की हा अडकणार. मग बोगद्याची गाडी निघून जाणार. मग कदाचित... काकडी चिरता चिरता त्यांच्या डोळ्यांसमोर बोट आली. पांढरी, उंच, आणि मागे पाण्याची लांबच लांब रेघ.

सुरी थांबली.

एखाद्या पोराची वही चुकीची आहे हे दिसत असताना, परीक्षेत तोंडावर पडू दे म्हणून त्या कधी गप्प बसल्या होत्या का? एकदाही नाही. मग आता आठवडाभर काय करत होत्या? शब्दाचा मार म्हणे! आपण बोटीच्या लोभाने मुकाट बसलो आहोत, हे त्यांना स्वच्छ कळलं आणि स्वतःचाच राग आला. तिरस्काराचा थोडा वाटा स्वतःकडे वळवून त्या उठल्या.

“उत्कर्षराव, ती परवानगी तुम्हालाही लागते. आज काढली नाहीत तर उद्या अडवतील.”

“काकू, परत तेच?”

“उर्जा, वाच गं त्यांना.”

उर्जाने फोनवर पान काढलं आणि जर्मनमध्ये खणखणीत वाचलं. उत्कर्ष हसत ऐकायला लागला. तिसऱ्या ओळीला हसू गेलं. पाचव्या ओळीला त्याने फोन तिच्या हातातून घेतला आणि स्वतः वाचलं. मग खालीवर केलं, मागे गेला, पुन्हा वाचलं, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर मजकूर बदलणार होता.

“हे कधी झालं?” तो पुटपुटला. “असं कसं? आपण तर... जर्मन पासपोर्ट आहे हा!”

“इंग्लंडवाल्यांनाही ते दिसलं असेल,” गयाबाई म्हणाल्या. “म्हणून तर वेगळं लिहिलंय.”

अर्जात स्वतःचा फोटो काढून जोडायचा होता. फोनला त्याचा चेहरा पसंत पडेना. एकदा चष्मा चमकला, एकदा मागे जर्मन म्हातारा आला, एकदा डोळे मिटले. शेवटी गयाबाईंनी त्याला गाडीच्या पांढऱ्या दारापुढे स्टुलावर बसवलं. “चष्मा काढ. मान सरळ. हसू नको. आणि श्वास घे रे जरा, फाशी नाही देत कोणी.” सहाव्या खेपेला फोटो निघाला. फोनने कळवलं: उत्तर बहुधा लवकर येईल, पण तीन दिवसही लागू शकतात.

वरणभात कोणी नीट जेवलं नाही. उत्कर्ष दर मिनिटाला फोन बघत होता.

सकाळी साडेसहालाही उत्तर नव्हतं. उत्कर्षचे डोळे लाल झाले होते. तो म्हणाला, “आपण इथेच थांबू. आल्झो, म्हणजे, सोमवारपर्यंत वाट बघू.”

सुगत चहाचे कप विसळत होता. पाठ न वळवता म्हणाला, “मी फेरीचं तिकीट काढलंय. आज दुपारी चारचं.”

“काय?”

“लांबी सात मीटर वीस लिहिली, सायकलींसकट. गाडीचा नंबर, चौघांची नावं, सगळं दिलंय. चारपर्यंत तुमचं उत्तर आलं तर सगळे जाऊ.”

“आणि नाही आलं तर?”

सुगत वळला. कान लाल झाले होते, पण आवाज ठीक होता. “तर तुम्ही अलीकडे कॅले बंदरात हॉटेलात थांबा, उत्तर आलं की या. तोवर गाडी मी नेतो. माझं लायसन्स चालतं या गाडीला. तुम्ही फक्त हो म्हणा.”

“मला न विचारता तिकीट काढलंस?”

“तुम्ही झोपेत असाल म्हणून उठवलं नाही.”

“मी जागाच होतो!”

“मग तर विचारायला हवं होतं,” सुगत म्हणाला. “चुकलं. किल्ली द्या.”

गयाबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या, तो हात त्यांनी हळूच खाली घेतला. एवढं एक वाक्य बोलायला या मुलाला अडतीस वर्षं लागली. ठीक आहे, काही पोरं वाचायला उशिरा शिकतात.

किल्ली मिळाली. फोन बघत गाडी चालवणं शक्य नाही, हे निदान उत्कर्षला पटलं. तो मागे गयाबाईंशेजारी पट्टा लावून बसला, उर्जा पुढे गेली, आणि गाडी आखेनच्या रस्त्याला लागली. स्वतःच्या गाडीच्या मागच्या बाकावर तो पहिल्यांदाच बसला असावा. प्रत्येक वळणाला म्हणायचा, “हळू! मागे सायकली आहेत!” सुगत म्हणायचा, “जा,” आणि होता त्याच वेगाने जायचा.

बेल्जियमची हद्द यायला दहाबारा किलोमीटर असताना फोन वाजला.

“आलं!” उत्कर्ष पट्ट्यात उसळला. “मंजूर! सुगत, अजून आठच वाजतायत. एकची आगगाडी आरामात मिळेल. फेरी सोड, बोगदा!”

“नाही,” सुगत म्हणाला.

“अरे, पस्तीस मिनिटं आणि दीड तास, काही तुलना आहे?”

“आईला बोटीने जायचंय.”

उत्कर्ष शेजारी वळला. “खरंच, काकू? मग आधी नाही का सांगायचं?”

“सांगितलं असतं, तर तुम्ही त्याचा पंधरावा रकाना केला असता,” गयाबाई म्हणाल्या. “आणि त्याला वजन किती दिलं असतं? दोन?”

पुढून उर्जा फिस्सकन हसली. तिला मराठी कळत नाही असं समजणाऱ्यांनी सावध राहिलेलं बरं.

उत्कर्षने फोन खिशात टाकला. खिडकीबाहेर पवनचक्क्या जात होत्या. गाडीच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असं तो म्हणाला, “काकू, मला बोट लागते. फार. मागे एकदा फेरीवर सगळ्यांसमोर... नंदिनीच्या माहेरचे होते सोबत. दीड तास मी बादली धरून बसलो होतो.”

गयाबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. चौदा रकाने! उंची, गॅस, वारा, गुण, वजनं, आणि हे एकातही नव्हतं. एवढा मोठा तक्ता त्याने एका बादलीवर झाकण म्हणून घातला होता. वाईट वाटावं असं काहीतरी यात होतं, हे त्यांना कळत होतं. पण आधी आली ती चीड. केवढा हा खटाटोप, आणि कशासाठी!

“मग आधी नाही का सांगायचं?” त्या म्हणाल्या.

त्यांनी पिशवीत हात घालून डबी काढली. वाशीमहून निघताना बांधून आणलेला आलेपाक त्यात होता. सगळ्यात मोठी वडी निवडून त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवली.

“ही आत्ता एक, आणि बोटीत चढायच्या आधी एक. बोटीवर आत बसायचं नाही, बाहेर माझ्याजवळ उभं राहायचं. नजर लांब, जिथे पाणी संपतं तिथे. फोनमध्ये बघायचं नाही. आणि वडी चघळायची, सावकाश. चावायची नाही. कळलं?”

“हो, काकू,” उत्कर्ष म्हणाला, वडी तोंडात टाकली आणि कडकन चावली.