घाटावरचं घड्याळ

‘महाळुंग्यात सापडलास तू. रविवारी येतो. घरीच थांब, घड्याळवाल्या.’

हौशीरामनं ती ओळ तीनदा वाचली. इंग्रजी अक्षरांतलं मराठी वाचायला त्याला एरवी वेळ लागे; ही मात्र पहिल्या झटक्यात कळली. शाळा सुटून तास झाला होता, कॉम्प्युटरच्या खोलीत तो एकटाच होता, तरी त्यानं मान वळवून दाराकडं पाहिलं. मग उठून कडी लावली. कडी लावल्यावर जास्तच भीती वाटायला लागली, म्हणून परत काढली.

हौशीराम पडवळ शाळेत क्लार्क होता. दाखले लिहायचे, हजेरीपटावर शिक्के मारायचे, हेडमास्तर ओरडले की ‘हो सर’ म्हणायचं. रेशनच्या रांगेत कुणी पुढं घुसलं तर हाच एक पाऊल मागं सरकायचा. पण चैत्रातल्या यात्रेचे दोन दिवस त्याच्याइतका मोठा माणूस गावात नसे. बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट म्हणजे चढाची धावपट्टी, तिच्या वरच्या टोकाला मांडव, आणि मांडवात घड्याळ हातात घेऊन हौशीराम. खालचं निशाण पडलं की घड्याळ चालू, वरचं पडलं की बंद. बारा सेकंदांच्या आत आला तो गाडा पहिल्या नंबरात, बारा ओलांडले की दुसऱ्यात. शाळेचं स्टॉपवॉच त्याच्या कपाटात असायचं, एवढ्याच कारणानं हे काम एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्या गळ्यात पडलं होतं. पुढं मात्र ‘महाळुंग्याचं घड्याळ खोटं बोलत न्हाई’ असं जुन्नर-आंबेगावात लोक म्हणायला लागले, आणि हौशीराम ते ऐकून मनातल्या मनात वीतभर उंच झाला.

दोन हजार आठच्या जूनमध्ये शाळेत इंटरनेट आलं. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या कल्याणी मॅडमनी त्याला ऑर्कुट दाखवलं. तिथं बैलगाडा शौकिनांचा एक अड्डा होता, चाकणच्या कंपन्यांतली, मुंबईत नोकरीला गेलेली हजारभर पोरं. हौशीराम ‘खरा माणूस’ या नावानं आत शिरला आणि दोन महिने नुसता वाचत बसला. मग एक दिवस ‘घाटाचा ढाण्या’ नावाच्या कुणीतरी लिहिलं, ‘महाळुंग्याचं घड्याळ विकलेलं आहे. आमच्या डिंगोऱ्याच्या गाड्याचा पहिला नंबर खाल्ला.’

झालं! ज्याच्या तोंडून घरात चकार शब्द निघत नसे, त्याच्या बोटांना शिंगं फुटली. ‘बैलात दम नव्हता तर घड्याळाला शिव्या कशाला?’ त्यानं लिहिलं. पलीकडून शिवी आली. यानं लिहिलं, ‘तुझा बैल म्हातारा झालाय, त्याला आता औताला जुंप.’ दोघांचं आठवडाभर हेच चाललं होतं. बाकीची पोरं बघ्यांसारखी टाळ्या पिटत होती. आणि मंगळवारी, एकदाचं त्याचं तोंड बंद करावं म्हणून, हौशीरामनं आकडा फेकला, ‘बारा सेकंद चौदा. पुसून टाक आता.’

तिथंच तो फसला. भोंग्यावर पुकारताना ‘बारा पॉइंट एक’ एवढंच पुकारतात, वहीतही तेवढंच लिहितात. शेवटचा चार फक्त घड्याळाच्या काचेत दिसतो, आणि तो ज्याच्या हातात घड्याळ आहे त्यालाच. एवढं ओळखायला पोरांना पाच मिनिटंही लागली नाहीत, आणि बुधवारी ढाण्याचा तो निरोप आला.

गुरुवारी त्यानं कल्याणी मॅडमना गाठलं. “मॅडम, लिहिलेलं समदं पुसता येतं का वो?”

“तुमचं पुसता येईल काका. पण लोकांनी वाचलं ते कसं पुसणार?” मॅडम म्हणाल्या आणि त्याचा चेहरा बघून थबकल्या. “काय झालंय?”

“काय न्हाई. सहज इचारलं.”

त्यानं त्याच दुपारी ‘खरा माणूस’ पुसून टाकला. पण शुक्रवारी भाकरी पुढ्यात तशीच राहिली. फाट्यावर मोटरसायकल थांबल्याचा आवाज झाला तरी तो दचकायचा. शनिवारी संध्याकाळी बायको भागूबाई पाण्याचा हंडा उतरवता उतरवता म्हणाली, “स्टँडवर एक जण तुमचं घर इचारत व्हता म्हनं. डिंगोऱ्याचा हाय. उंचापुरा गडी.”

“मग? कुणी सांगितलं का?”

“सांगनारच की. तुमी काय चोर हाय का?”

गोठ्यातलं दांडकं आणून हौशीरामनं दाराच्या मागं उभं केलं. ते हातात धरून पाहिलं. उभ्या जन्मात त्यानं कुणावर हात उगारला नव्हता, आणि दांडकं धरायचं कुठून हेसुद्धा त्याला नीट ठाऊक नव्हतं.

पण खरं सांगायचं तर मार खाण्याची भीती निम्मीच होती. उरलेली निम्मी त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. त्या ढाण्याचं म्हणणं खरं होतं. घड्याळ विकलेलं नव्हतं, पण चुकलं होतं. डिंगोऱ्याच्या त्या गाड्याला वरचं निशाण पडलं तेव्हा हौशीरामनं बटण दाबलं नव्हतं. दाबलं ते डोळा लवून उघडेपर्यंतच्या वेळानं. तेवढ्यात बारा ओलांडले. ‘बारा पॉइंट एक’ असं त्यानं पुकारायला सांगितलं, आणि त्याला वाटलं, जाऊ दे, कुणाला कळतंय. एकोणीस वर्षांचं नाव एका गाड्यासाठी घालवायचं का? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं ते त्याच्या मनात चैत्रापासून होतं. म्हणून तर ऑर्कुटवर तो इतका चवताळला होता.

रविवारी दहाच्या सुमाराला जीप आली. हौशीराम ओसरीवर उभा राहिला. त्यानं खांब धरला. पुढून उंचापुरा पोरगा उतरला, डोळ्यांत अंगार. मागून, हळूहळू, फेटा बांधलेला एक म्हातारा उतरला. त्याच्या हातात काही नव्हतं.

“हाच का त्यो?” पोरगा म्हणाला. “काय रं, आमचा बैल औताला जुंप म्हनतो व्हय?”

“पप्पू, गप.” म्हाताऱ्यानं त्याला हातानंच मागं सारलं. “रामराम पावणं. मी रखमाजी, डिंगोऱ्याचा. ह्यो माझा धाकला. ह्येनं त्या मशीनवर तुमाला लई वंगाळ लिवलं, आसं आइकलं. लेकराच्या वतीनं माफी मागतो.”

हौशीरामनं घोंगडी अंथरली. भागूबाईनं पाणी आणलं, चहाचं आधण ठेवलं. पप्पू बसला नाही, जीपला टेकून उभा राहिला.

रखमाजी पाणी प्याला, त्यानं तांब्या खाली ठेवला. “एक इचारायला आलोय. आमचा लखन. दहा वर्स घाट मारला, कदी दुसऱ्यात न्हाई गेला. तुमच्या घाटावर गेला. हा पोरगा म्हनला, घड्याळ चुकलं. मी म्हनलं, गाढवा, महाळुंग्याचं घड्याळ खोटं बोलत न्हाई, लखनच थकला. थकलेल्या बैलाला घाटावर पळवू नये, मारझोड करून पळवत्यात लोक, तसलं आपल्याला नगं. म्हनून जेष्ठात चाकणच्या बाजारात इकला त्याला.” तो थांबला. “परवा पोळा झाला. दावणीला एकटा जोडीदार हुबा व्हता. तवापास्नं झोप न्हाई. तुमी येकदा तोंडानं सांगा, बारा चौदाच व्हतं ना? म्हंजी माझं मन ऱ्हाईल.”

हौशीरामनं खाली पाहिलं. ‘होय’ म्हटलं की सगळं मिटत होतं. पोरगा निघून जाईल, म्हातारा निवांत झोपेल, पुढच्या चैत्रात घड्याळ परत आपल्याच हातात येईल. इतका सोपा शब्द त्याच्याकडं आयुष्यात कुणी मागितला नव्हता. आणि तो तोंडातून निघेना.

“न्हाई,” तो म्हणाला. “चुकलं माझं. बटन उशिरा दाबलं.”

जीपजवळून पप्पू दोन ढांगांत ओसरीवर आला. भागूबाई आतून धावली. रखमाजीनं मान वर न करता मुलाचा पंजा धरून ठेवला.

“का?” त्यानं विचारलं.

“एकोणीस वर्सं मी फक्त निशाण बघतो, बाबा. बैलाकडं बघायचं नसतं. पण तुमचा लखन वर येताना…” हौशीरामनं वर पाहिलं. “त्येलाच बघत ऱ्हायलो. तसं पळनं मी कदी बघितलं नव्हतं.”

चुलीवर चहा उतू गेला आणि भागूबाईचं तिकडं लक्षच गेलं नाही.

“म्हंजी थकला नव्हता,” रखमाजी म्हणाला.

“न्हाई.”

म्हाताऱ्यानं फेट्याच्या टोकानं डोळे पुसले. मग मुलाकडं वळून विचारलं, “तुमच्या त्या मशीनवर हजार माणसं हायेत म्हनतो ना तू? मग त्यास्नी इचारता येतं का, लखन कुणाकडं हाय ते?”

पप्पूनं हौशीरामकडं पाहिलं. “इचारता येतं,” तो तुटकपणे म्हणाला. “पन ह्येनंच इचारायचं. सवताच्या नावानं.”

सोमवारी शाळा सुटल्यावर हौशीराम कॉम्प्युटरपुढं बसला. या वेळी त्यानं पूर्ण नाव टाकलं, हौशीराम पडवळ, मुक्काम महाळुंगे पडवळ. एकेक अक्षर शोधत लिहिलं, की यंदा घड्याळ चुकलं, चूक माझी, गाडा पहिल्यात होता. खाली लिहिलं, पांढरा बैल, उजव्या शिंगाचं टोक आत वळलेलं, कपाळावर बोटभर तांबूस डाग, नाव लखन, हाक मारली की मान वळवतो. कुणाच्या दावणीला असेल तर कृपा करून कळवा.

पाच-दहा मिनिटांत उत्तरं यायला लागली. पहिली शिवी आईवरून होती. दुसरी त्याहून घाणेरडी. तिसऱ्यानं विचारलं होतं, एकोणीस वर्षांत किती जणांचे नंबर खाल्लेस? खोली बंद करून घरी जावं असं दर ओळीला वाटत होतं. पण न जाणो, त्या शंभर शिव्यांत एखाद्यानं बैलाचा पत्ता लिहिला असेल. हौशीरामनं चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढली, आणि एकही ओळ न सोडता तो वाचत राहिला.