मोगऱ्याला गेलेलं पाणी

मी एक जुनी, सुकत चाललेली किडनी आहे. डावी. शाळेच्या पुस्तकात मला मूत्रपिंड म्हणतात. बुऱ्हाणपूरच्या रंजिता मॅडमच्या पाठीत, बरगड्यांच्या खालच्या अंगाला मी राहते. उजवीकडे माझी जुळी बहीण होती. होती म्हणते, कारण ती आता नावापुरती उरली आहे, आणि माझंही काही खरं नाही. तेव्हा मित्रांनो, बोलायची ताकद आहे तोवर बोलून घेते.

माझं काम सांगितलं की लोक नाक मुरडतात. मुरडा बाबांनो, पण ऐका तरी! तुम्ही डाळ-भाकरी खाता, ती अंगी लागते, आणि मागे उरलेली घाण रक्तात फिरत राहते. ते रक्त माझ्याकडे येतं. माझ्यात चहाच्या गाळणीहून कितीतरी बारीक अशा लाखो गाळण्या आहेत. मी रक्त गाळते, कामाचं परत देते, नको ते पाण्याबरोबर खाली धाडते. मीठ जास्त झालं तर काढून टाकते. घामानं पाणी कमी पडलं की मेंदूचा निरोप येतो, धरून ठेव, आणि मी धरून ठेवते. आत सगळं जिथल्या तिथं, जेवढ्यास तेवढं राहिलं पाहिजे. एवढं राबून कौतुक मात्र सगळं हृदयाचं!

रंजिता लहान होती तेव्हा आमचे दिवस चांगले होते. खेळून आली की धावत माठाकडे, आणि पेल्यावर पेले पाणी. पुढे ती शिकली, नीलेशरावांशी लग्न झालं, आणि असीरगढच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात मुलींच्या मराठी शाळेत नोकरी लागली. तिथं आमचं नशीब फिरलं.

शाळेत बाथरूम नव्हतं असं नाही. पाणी होतं, आतून कडीही होती. पण त्याचं दार बरोबर समोरच्या ओट्याकडे उघडायचं, आणि ओट्यावर गावचे गडी दिवसभर पत्ते कुटत बसलेले. पहिल्याच आठवड्यात रंजिता तिथं गेली. बाहेर आली तर पत्ते थांबलेले आणि सगळ्या माना तिच्याकडे. कुणीतरी उगाच खाकरलं. बस्स, लाजेनं ती अर्धी झाली! पुन्हा म्हणून त्या दारात तिनं पाऊल टाकलं नाही.

पाणीच प्यायलं नाही तर जायलाच नको, असं तिनं ठरवून टाकलं. सकाळी घोटभर चहा, मग संध्याकाळी घरी येईपर्यंत घसा कोरडा. नीलेशराव मायेनं बाटली भरून द्यायचे. ती तशीच घरी नेली तर ते रागावतील, म्हणून शाळा सुटली की ती फाटकाजवळच्या मोगऱ्याला पाणी ओतायची. मोगरा असा काही तरारला की येणारे-जाणारे बघत राहायचे.

एकदा धीर करून ती हेडमास्तरांना, दत्तात्रय सरांना म्हणाली, "सर, बाथरूमचं जरा बरोबर नाही." दाराचं सांगायला जीभच रेटली नाही. सर बिचारे भले. त्यांनी आतून-बाहेरून चुना मारून घेतला आणि भिंतीवर 'स्वच्छता' असं मोठ्या अक्षरांत लिहवून घेतलं. दार मात्र होतं तिथंच.

इकडे आमच्या नाकी नऊ आले. मेंदू ओरडायचा, पाणी धर. अगं बाई, धरायला असलं तर ना! उन्हाळ्यात तर आतलं पाणी घट्ट, पिवळंजर्द व्हायचं. ती तासन् तास तुंबवून धरायची, जळजळ व्हायची, ताप यायचा. कधी कधी तर जंतू खालून चढत आमच्यापर्यंत पोचायचे. पाठ दुखते म्हणून ती मेडिकलमधून गोळ्या आणून खायची. पाठ कसली, मी दुखत होते! त्या गोळ्यांनी माझ्या बहिणीचं उरलंसुरलं त्राणही घालवलं.

आणि त्याच दिवसांत तिनं वर्गात उत्सर्जनाचा धडा घेतला. फळ्यावर आम्हा दोघींचं चित्र काढलं, घेवड्याच्या दाण्यासारखं, फार सुरेख. "मुलींनो, पाणी भरपूर प्यायचं. लघवी तुंबवायची नाही." मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं. मी आतून ओरडत होते, अगं बये, स्वतःला सांग! पण माझं कोण ऐकतं?

मग पाय सुजले, तोंड सुजलं, अन्नाची चव गेली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि नीलेशरावांना बाजूला नेऊन सांगितलं, दोन्ही किडन्या गेल्यात जमा आहेत. आता माझं काम मशीन करतं. आणि मित्रांनो, केवढी ही क्रूर गोष्ट! आता रंजिताला तहान लागते. सारखी लागते. पण बाहेर टाकणारी मीच उरले नाही, म्हणून तिला पाणी घोटाघोटानं, मोजून मिळतं. ती पेल्याकडे बघत बसते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

परवा मुलींना भेटायला म्हणून ती हट्टानं शाळेत गेली. शाळा सुटायची वेळ झालेली, तरी प्रत्येक बाकावर पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली. ती पहिल्या बाकावरच्या मुलीपाशी थांबली.

"हिमानी, पाणी का नाही प्यायली गं?"

हिमानी खाली बघत हळूच म्हणाली, "मॅडम, तिकडे ओट्यावर सगळे बसलेले राहतात ना."

"म्हणून प्यायचंच नाही? मी शिकवलं होतं ना तुम्हाला?"

"पण मॅडम, तुम्ही बी तं मोगऱ्यालेच टाकत होत्या."

रंजिता भिंतीला धरत दत्तात्रय सरांपुढे जाऊन उभी राहिली, आणि जे इतकी वर्षं ओठांवर आलं नव्हतं ते एका दमात बोलली, "सर, बाथरूमचं दार ओट्याकडे आहे. म्हणून पोरी जात नाहीत. मीही जात नव्हते."

सरांनी मान खाली घातली. "मॅडम, तुम्ही आधी तब्येत सांभाळा. दाराचं पुढच्या सालाला बघू."

तेवढ्यात घंटा झाली. मुली फाटकाशी गेल्या आणि एकेक करत मोगऱ्याला बाटल्या ओतू लागल्या. प्रत्येकीच्या पाठीत माझ्यासारख्या दोघी आहेत, अजून कोवळ्या, अजून धडधाकट. मी त्यांना हाक मारत होते.

मित्रांनो, पाणी प्या म्हणून मुलींना सांगू नका. ते त्यांना पाठ आहे. त्या दाराचं तोंड फिरवा.