पत्र्यामागचा हात

पहिला घाव कडीजवळ बसला आणि फळीवरचे रंगाचे डबे धडाधड खाली आले. दुसऱ्या घावाला दाराचा पत्रा आत फुगला. पोरगा दाराला खांदा लावून उभा होता, हातात दोर. त्याची आई गॅरेजच्या कोपऱ्यात बसली होती. गेल्या महिन्यात मोडलेला जबडा अजून तारेनं बांधलेला होता. बाहेर भर दुपारी तिचा नवरा हातोडी घेऊन उभा होता आणि त्याला आत यायचं होतं.

"दार उघडा. माझं गॅरेज आहे हे."

"हॉस्पिटलची गाडी निघालीय," पोरगा म्हणाला. त्याच्या गळ्यावर बापाच्या बोटांचे वळ होते. ती बोटं सोडवूनच दोघांनी त्याला बाहेर ढकललं होतं. "बांधूनच घालतो गाडीत."

"बांधू नको रे," ती दातांतून म्हणाली.

"तुझा जबडा कुणी मोडला मग? शेजाऱ्यानं?"

तिच्या नवऱ्याला सगळे वस्ताद म्हणत. लोकांनी गाड्या आपटायच्या आणि यानं पोचे काढायचे, असा आयुष्यभराचा करार. त्याचा एकच नियम होता. उजव्या हातात हातोडी असली, तर डाव्या हातात डॉली, म्हणजे मुठीत मावणारा लोखंडी ठोकळा, पत्र्याच्या मागून धरलेला हवा. "मागून आधार नसेल तर तो ठोका नाही, मार झाला," असं तो म्हणायचा. जिथं त्याचा हात पोचत नसे तिथं बायको गाडीत शिरून डॉली धरायची. "जरा वर धर, जरा खाली धर," एवढाच त्यांचा दिवसभराचा संसार. पोराला त्यानं कधी चापटही मारली नव्हती.

आणि एक दिवस त्यानं डावा हात खिशात ठेवून बॉनेटवर घाव घातला. ती शेजारीच पॉलिशपेपर घासत होती, तिच्या अंगावर काटा आला. पत्र्याची चाळण झाली, मग दिवे फुटले, मग गिऱ्हाइकाचा खांदा. लोक म्हणाले, दारू. तो चहासुद्धा बेतानं पिणारा माणूस. साठी बुद्धी नाठी म्हणावं, तर पंचावन्नही झाली नव्हती. दीर म्हणाला, "दोन ठेवून द्या, सरळ होईल." पोरानं दिल्या. तो सरळ झाला नाही, आणि त्या रात्री जबडा मोडला तो तिचा.

मेंदूचे फोटो झाले, रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक गोल काढला, त्याच्या आत आणखी एक.

"हे पेशीचं केंद्रक. याच्या भिंतीला बारीक दारं असतात, दिवसभर माल आत-बाहेर चालू. यांच्या मेंदूतली ही वाहतूक बिघडलीय. एका प्रथिनाचं काम खरं तर आत, पण ते बाहेर अडकतं, आत परतू शकत नाही आणि बाहेरच गोळा होऊन बसतं. राग आवरणारा, माणसं ओळखणारा भागच त्यात चाललाय."

"औषध?"

"दारं दुरुस्त करणारं अजून नाही." मग त्या पोराकडे वळल्या. "दोष वारशानं येऊ शकतो. तुम्हीही तपासून घ्या."

पोरानं तपासून घेतलं नाही. त्या दिवसापासून तो बापाच्या तोंडाकडे बघेनासा झाला.

"मग मला मारतो तो हा, की आजार?" तिनं विचारलं होतं.

"तुमच्या जबड्याला काय फरक पडतो, बाई? लांब राहा त्यांच्यापासून."

डॉक्टरीणबाई खरं तेच बोलल्या. पण तिला फरक पडत होता, फार पडत होता.

आता पत्रा फाटला आणि हातोडीचं तोंड पोराच्या कानाजवळून आत आलं. पोरानं दोर टाकला, लोखंडी पहार उचलली आणि कडीला हात घातला.

"सरक," ती म्हणाली.

"आई, डोकं फिरलंय का तुझं?"

तिनं त्याला ढकललंच. बाकावरची डॉली घेतली आणि जिथं पत्रा फुगत होता तिथं आतून दाबून धरली. घाव आला. हात खांद्यापर्यंत झिणझिणला, जबड्यातली तार ठणकली, डोळ्यांत पाणी आलं. दुसरा आला. तिसऱ्याला बोटं फुटली. तिनं डॉली सोडली नाही.

मग बाहेर सगळं थांबलं.

नंतर आला तो हलका ठोका. थोड्या वेळानं आणखी एक, त्याच्या शेजारी.

"जरा वर धर," बाहेरून आवाज आला. ओरडणं नाही, कामातला आवाज.

तिनं वर धरली. ठोके ओळीनं पडू लागले. फुगलेला पत्रा हळूहळू बसायला लागला. पोराच्या हातातली पहार खाली आली.

गाडी आली. दोन माणसं पट्टे घेऊन उतरली. पोरानं खिडकीतून हात करून त्यांना थांबवलं.

"बांधू नका," तो म्हणाला. "एवढं काम होऊ द्या. मग मी धरून बसवतो त्यांना."

"हात चांगला आहे तुझा, पोरी," पत्र्यापलीकडून नवरा म्हणाला. "कुणाकडे शिकलीस?"

तिनं फुटलेल्या बोटांतली डॉली दुसऱ्या हातात घेतली.

"नवऱ्याकडे."

"चांगला कारागीर असणार," तो म्हणाला. "जरा खाली धर."

तिनं डॉली खाली धरली.