स्टिअरिंगखालचा नारळ

खडोलीच्या चहाच्या टपरीसमोर त्या रविवारी एवढी गर्दी होती की कंपनीकडे जाणारे कंटेनरवाले हॉर्न वाजवून दमले. मधोमध माझी व्हॅन उभी. ड्रायव्हरच्या सीटवर गाड्यांचे दिवे मंत्राने विझवणारे दिवाबाबा, आणि स्टिअरिंगखाली त्यांनी खुपसलेला, लाल फडक्यात गुंडाळलेला नारळ. शिष्य पप्पू खिडकीशी उभा राहून मोबाईलवर शूटिंग करत होता. बाबांनी माझ्या ड्रायव्हरला खिडकीतून हात घालून चावी फिरवायला लावली, पण इंजिन सुरू करायचं नाही म्हणाले. सगळ्यांना डोळे मिटायला लावलं, जो बघेल त्याच्या गाडीत बाधा शिरेल अशी तंबी दिली, आणि इतक्या धडधाकट माणसांनी निमूट डोळे मिटले. मग बाबा "निकल जा, काळमुखी" असं हिंदी-गुजराती-मराठीत मिळून ओरडले. गाडी सुरू झाली, आणि गेले कितीतरी दिवस आम्हाला छळणारा इंजिनाचा पिवळा दिवा विझला. लोक बाबांच्या पायांवर पडले.

व्हॅन माझी, पण हा तमाशा माझा नव्हे. मी केतकी, खेरडीच्या बायकांना रोज खडोलीच्या कंपनीत पोचवायचं काम घेते. गाडी चालवतो वाल्मिक. धुळ्याकडचा, गाडीला जिवापाड जपणारा आणि तितकाच देवभोळा. मला न विचारताच तो गाडी बाबांकडे घेऊन गेला होता. मी चिडले, तर माझा नवरा सारंग म्हणाला, "अगं, दिवा गेला ना? मग तुला काय करायचंय?" हा माणूस कंपनीत क्वालिटी तपासतो, बरं का!

काही फेऱ्या झाल्या आणि दिवा परत पेटला. वाल्मिक पुन्हा बाबांकडे. या वेळी बाबांनी कारण शोधलं होतं. दिवा कोणासमोर पेटतो, असं त्यांनी विचारलं. वाल्मिकने खरं ते सांगितलं: चंदासमोर.

चंदाचं घर खेरडीच्या टोकाला, म्हणून गाडीत पहिली तीच चढते. आमच्या गाडीत एक रीत पडून गेली आहे. जी पहिली चढेल तिने पुढे बसायचं आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीला उदबत्ती लावायची. गाडी रात्रभर उभी असते ती खेरडीतच, त्यामुळे सकाळी इंजिन सुरू होऊन दिवा दिसतो तेव्हा समोर चंदाच असणार, दुसरं कोण? पण चंदाचा नवरा मागच्या वर्षी वारला होता. बाबांना तेवढं पुरलं. बाईची नजर आहे, तिला गाडीत घेऊ नका, असा हुकूम सुटला.

बायकांनी तो पाळला. चिमाबाई, जी रोज चंदाच्या डब्यातली चटणी मागून खायची, तीच पहिली म्हणाली की आमच्या पोराबाळांचा विचार करा. चंदा कंपनीत पायी जाऊ लागली. एकदा उशीर झाला तर गेटवरून परत पाठवली. आणखी एकदा उशीर झाला की काम जाणार, असं सुपरवायझरने सांगून ठेवलं. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती रडली नाही. "ताई, मला एकच सांगा. मी काय केलं?" एवढंच विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी माझी होती, आणि मी नुसती बघत बसले होते.

चंदा नसतानाही दिवा पेटतच होता. बाबा म्हणाले, तिची सावली सीटमध्ये मुरली आहे, कव्हर बदला. डोकं सणकलं माझं. मी गाडी घेऊन सिल्वासाला अनंताच्या गॅरेजात गेले. त्याने एक छोटं यंत्र काढलं आणि म्हणाला, "चावी फिरवा, इंजिन नको." मग वाकला आणि ते यंत्र स्टिअरिंगखाली खोचलं.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तीच जागा, तीच आज्ञा.

अनंताने सांगितलं की सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात किती ऑक्सिजन उरला ते तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो. आमचा सेन्सर निकामी झाला होता. या यंत्राने मोबाईलवरून नोंद पुसली की दिवा विझतो, पण बिघाड तसाच राहतो, म्हणून काही फेऱ्यांनी कॉम्प्युटरला तो पुन्हा सापडतो. सेन्सर तेव्हाच बदलता आला असता. मी म्हटलं, थांब. यंत्र दे, आणि रविवारी माझ्याबरोबर ये.

रविवारी तीच टपरी, तीच गर्दी. मी चंदाला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. बाबा खवळले. ही बसली असताना दिवा विझणार नाही, असं सगळ्यांसमोर म्हणाले. मला तेच हवं होतं.

"बाबा, आज नारळ बॉनेटवर ठेवा," मी म्हटलं.

बाधा पायाशी बसते, म्हणाले. मग डावीकडच्या सीटच्या पायाशी ठेवा, तिथेही पायच आहेत, मी म्हटलं. बाबांनी मला नास्तिक, पापिणी, काय काय म्हटलं, पण नारळ दुसरीकडे ठेवेनात, हातातच धरून राहिले.

अनंताने यंत्र खोचलं. मी नोंद पुसायचं बटण काढून मोबाईल चंदाच्या हातात दिला. "डोळे उघडे ठेवा सगळ्यांनी. दाब ग." तिने दाबलं. वाल्मिकने गाडी सुरू केली, आणि दिवा विझला. विधवा चंदा सीटवर बसलेली असताना, तिच्याच हाताने.

मग चिमाबाई पुढे झाली आणि तिने बाबांच्या हातातला नारळ ओढून घेतला. आयुष्यभर नारळ फोडलेली बाई ती. कानाशी हलवला. "ह्याच्यात पाणी नाही," म्हणाली, आणि फडकं सोडलं. चिकटवलेली करवंटी उघडली तर आत अनंताच्या यंत्राचाच भाऊ, खोचायचं टोक तेवढं फडक्याआडच्या भोकातून बाहेर काढलेलं. पप्पू शूटिंगच्या नावाखाली मोबाईलवर काय दाबत होता ते कोणाला सांगावं लागलं नाही. तो मोबाईल घेऊन पळाला, बाबा त्याच्यामागे.

मी तेव्हाच सांगून टाकलं की आत्ता आम्ही फक्त नोंद पुसलीय, दिवा परत पेटेल. तो पेटला. मग अनंताने नवा सेन्सर बसवला, आणि त्यानंतर तो पेटलेला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. दिवा पेटला तर कारण शोधा. सापडेपर्यंत "माहीत नाही" म्हणा, त्यात लाज नाही. पण माहीत नाही म्हणून एखाद्या बाईच्या कपाळावर दोष चिकटवू नका. आपल्याला फसवायला बाबाला आपलेच मिटलेले डोळे लागतात.

सोमवारी चंदा पहिली चढली, पुढे बसली. चिमाबाईने चटणी मागितली नाही, स्वतःचा डबा पुढे केला. चंदाने तो घेतला, पण हसली नाही. काचेवर लोंबणाऱ्या लिंबू-मिरचीकडे बघून ती वाल्मिकला म्हणाली, "हे काढा, दादा. मला समोरचा रस्ता दिसत नाही."

वाल्मिकने गाडी थांबवली आणि काढलं.