उजवा कोपरा

“मधोमध नको. आईला त्या उजव्या कोपऱ्यात ठेवा,” बेनिल्दाताई म्हणाली, तशी शवपेटी उचलून आणणारी माणसे बास्केटबॉलच्या कोर्टवर जागीच थबकली.

“अगं, सांतिंगची आई ती! चांगली दिव्याखाली ठेवू की,” गावाचा कारभारी तेम्यो म्हणाला.

“दिव्याखाली डोळे दुखायचे तिचे. कोपऱ्यात म्हणजे कोपऱ्यात.”

बेनिल्दाताईशी वाद घालण्याची गावात कुणाची छाती नव्हती. पेटी कोपऱ्यात गेली. घरे ही एवढीएवढी, त्यामुळे गावातले कुणीही गेले की कोर्टवरच ठेवायचे आणि आठवडाभर गावाने तिथेच बसून कॉफी प्यायची, पत्ते कुटायचे. जिना उतरावा तसा एकेक पाय जपून टाकत ताईचा धाकटा भाऊ सांतिंग येऊन पेटीशेजारी बसला. एके काळी तो बास्केटबॉलचा नामवंत खेळाडू होता; मनिलातल्या जीपन्यांवर, त्या रंगीबेरंगी प्रवासी जीपगाड्यांवर, त्याचे चित्र रंगवलेले असायचे. आता गुडघे कामातून गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुफो आला. मनिलाच्या संघात सांतिंगला पास द्यायचा तो हाच. पुढे सांतिंग दुसऱ्या संघात गेला, दोन चषक जिंकला. रुफोच्या नशिबी एकही आला नाही. आता तो टायर विकायचा. पेटीसमोर त्याने क्रूसाची खूण केली, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कलिंगडाच्या खारवलेल्या बिया फोडून खाल्ल्या, पत्त्यांचा एक डाव हरला आणि मग खुर्ची सांतिंगजवळ ओढली.

“आज विचारूनच टाकतो. आईसमोर खोटं बोलणार नाहीस तू.”

“विचार.”

“तो शेवटचा सामना. तू उजव्या कोपऱ्यात एकटा. पास दिला मी, कसा लोण्यासारखा! तिथूनच टाकायचा होतास, जिंकलो होतो आपण. तू एक पाऊल बाहेर आलास, आणि त्या दोन रेड्यांनी तुला घेरलं. का रे?”

सांतिंगने पेटीजवळची कललेली मेणबत्ती सरळ केली.

“लोक म्हणतात तू विकला गेलास. वीस वर्षं भांडतोय मी त्यांच्याशी. पण खरं सांगू? हल्ली भांडताना आवाज चढत नाही माझा.”

 हा प्रश्न सांतिंगला सगळ्यांनी विचारला होता. एका पत्रकाराने त्याचे डोळे अधू ठरवले होते. प्रशिक्षकाने त्या कोपऱ्यात खडूने फुली मारून त्याला उभे केले होते. सरावात तो तिथून डोळे मिटून चेंडू टाकायचा. सामन्यात मात्र लोकांचा ओरडा सुरू झाला की पाय तिथून निघून यायचे. का, हे कोडे त्याला स्वतःलाच सुटले नव्हते.

“मला माहीत नाही, रुफो.”

“बघ, हेच,” म्हणत रुफो उठला आणि फाटकाकडे चालू लागला. शोकातल्या माणसाने पाहुण्याला पोचवायला जायचे नसते. सांतिंग खुर्चीतच बसून राहिला. एवढ्या जन्मात एकच खरा मित्र, तोही निघाला.

तेवढ्यात तेम्यो कॉफीचा ट्रे घेऊन पेटीच्या कडेने आला.

“पाय!” बेनिल्दाताई कडाडली. “सगळं भात तुडवशील, मेल्या!”

साठीला टेकलेला, ढेरपोट्या तेम्यो टुणकन बाजूला उडाला. कॉफी सांडली. पत्ते खेळणाऱ्या म्हाताऱ्यांनी पाय वर घेतले. खाली सिमेंट कोरडे ठाक होते, भाताचा दाणाही नव्हता. ताईने तोंडावर हात ठेवला आणि सगळे कोर्ट खो खो हसत सुटले.

फाटकात पोचलेला रुफो वळला. “कसलं भात?”

“अहो, आम्ही लहान असताना गावात सिमेंट एवढंच,” ताई डोळे पुसत म्हणाली. “कापणी झाली की ज्यानं त्यानं आपलं भात इथंच वाळत घालायचं. हा कोपरा आमच्या आईचा. पोरं उरलेल्या जागेत खेळायची. आई बांबू घेऊन इथं बसायची. वर्षाचं खाणं होतं ते! दाण्यावर पाय पडला की ओरडायची, आणि नडगीवर सटका. सगळ्यात जास्त यानं खाल्लेत.”

रुफो सांतिंगच्या पायांकडे पाहत होता. सांतिंगही तिकडेच पाहत होता. दोन्ही पाय खुर्चीखाली ओढलेले होते.

रुफो सावकाश पेटीपाशी आला. काचेतून त्या चिमुकल्या म्हातारीकडे त्याने बराच वेळ पाहिले. “म्हणजे माझा चषक तुम्ही नेलात होय, आई?” तो हसू लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून वाहू लागले.

“मागे व्हा, रुफोभाऊ. पेटीवर आसवाचा थेंब पडू देऊ नये,” ताई म्हणाली.

रुफो दफनापर्यंत राहिला. दफन करून परतल्यावर माणसे खुर्च्या गोळा करत होती, तेव्हा त्याने कुठूनसा चेंडू पैदा केला आणि सांतिंगकडे फेकला. “चल. आता टाक.”

कोपऱ्यात मेणाचे डाग तेवढे उरले होते. सांतिंगने कडेला थांबून बूट काढले आणि एक पाय आत ठेवला. मग दुसरा. सिमेंट उन्हाने तापले होते. रिंगखाली रुफो हात वर करून वाट पाहत होता.

चेंडू तसाच हातात धरून सांतिंग थोडा वेळ उभा राहिला. कुणीही ओरडले नाही.