पाठ केलेला चेहरा

चित्रशाळेतल्या बाईंना विद्यार्थी दोन कारणांनी घाबरत. एक त्यांची नजर, चित्रातलं नाक केसभर सरकलं तरी त्यांना ते दारातूनच दिसे. दुसरी त्यांची पेन्सिल, ती न विचारता कागदावर उतरायची आणि दोन रेघांत मेलेलं चित्र उठवून बसवायची. बाई स्वतः कशाला घाबरतात हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. बाई कोऱ्या कागदाला घाबरत. नऊ वर्षांत त्यांनी स्वतःचं एकही चित्र काढलं नव्हतं.

तसं काही आभाळ कोसळलं नव्हतं. तिशीत एका चित्राला मोठं बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला आणि पुढचं चित्र त्याहून वाईट झालं. त्याच्या पुढचं आणखी वाईट. मग बाईंनी शहाणपणा केला, चित्र काढणंच सोडलं. दुसऱ्याच्या कागदावर कितीही हात चालवा, चूक त्याचीच असते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ उघडायची वेळ नव्या प्रमुखांनी आणली. वर्षअखेरीला पालक येत. त्या दिवशी प्रत्येक शिक्षकानं सगळ्यांसमोर अर्ध्या तासात एक चित्र काढायचं, असं त्यांनी ठरवलं. बाईंच्या वाट्याला व्यक्तिचित्र आलं आणि समोर बसायला शिपाईमामा. मामा वीस वर्षं वर्गांसमोर बसत आलेले, माशी बसली तरी न हलणारे.

"मॅडम, तुमच्या तर हातचा मळ," प्रमुख म्हणाले.

बाई हसल्या. दोन दिवस घास घशाखाली उतरेना. हात मोडला तर किती बरं, असंसुद्धा त्यांच्या मनात आलं, आणि जिन्यावरून उतरताना त्यांनी कठडा जरा सैलच धरला. हात काही मोडला नाही.

मग त्यांना युक्ती सुचली. "ओळखपत्राला लागतोय" अशी थाप मारून त्यांनी मामांचा फोटो काढला, मोठा छापून घेतला आणि रोज दुपारी घरी जेवणाच्या टेबलावर तोच चेहरा काढायला बसल्या. पहिले चाळीस तर फोटो खाली ठेवून नुसते गिरवले. कपाळ, भुवया, नाक, मिशी, हनुवटी. शंभरच्या पुढे गेल्यावर हात आपोआप चालू लागला आणि बाईंना शांत झोप लागू लागली.

एक दिवस धाकटी बहीण न सांगता टपकली. तिनं टेबलावरचा ढीग चाळला.

"ताई, कोण गं हा मिशीवाला? भाऊजींना माहीत आहे ना?"

"गप गं. सराव चाललाय."

"सराव कसला, पाढे घोकतेयस तू. मध्येच कोणी सत्तावीस साते विचारलं तर?"

"तर पहिल्यापासून म्हणेन," बाई म्हणाल्या. पण त्या रात्रीपासून झोप पुन्हा उडाली.

तो दिवस उजाडला. हॉल गच्च भरला होता. मामा येऊन खुर्चीत बसले. मामांचा डावा गाल टम्म सुजला होता. डोळा अर्धा मिटलेला, तोंड वाकडं, मान एका बाजूला कललेली.

"दाढ हो, बाई," मामा कसेबसे म्हणाले. "पण बसतो मी. तुमचं काम अडायला नको."

बाईंनी काय करावं? त्यांनी पाठ केलेला चेहरा काढायला घेतला. कपाळ, भुवया, नाक. रेघा झरझर उतरल्या. मागून "वा!" आलं. दहा मिनिटांत मिशीपर्यंत मजल गेली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक मुलगी बोलली. हिच्या कागदावर बाईंची पेन्सिल सगळ्यात जास्त चालायची.

"बाई, तुम्ही मामांकडे बघतच नाही आहात."

बाईंनी मान वर केली. मामांच्या सुजल्या डोळ्यातून पाणी गळत होतं, आणि ते पुसायलाही त्यांनी हात उचलला नव्हता. बाईंचं चित्र बिघडेल म्हणून. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी तो कागद काढून बाजूला ठेवला आणि नवा लावला. कोरा, भिंतीएवढा वाटणारा. पहिली रेघ चुकली. दुसरीही चुकली. पळून जावंसं वाटत होतं, पण बाई गालाकडे बघत राहिल्या आणि काढत राहिल्या. भीती काही गेली नाही. तिला बाजूला बसवून काम चाललं होतं, इतकंच.

वेळ संपली. चित्रात डोळा खाली आला होता, कान तर राहूनच गेला होता. प्रमुख खाकरले.

"पहिलं जास्त छान होतं, मॅडम."

मामा उठून आले. त्यांनी आधी पहिलं चित्र पाहिलं, मग दुसरं. दुसऱ्यासमोर त्यांचा हात आपसूक गालावर गेला.

"असंच ठणकतंय बघा," ते म्हणाले.

बाईंना रडू फुटलं. मग त्यांनी डोळे पुसले, चित्रकलेची वही काखोटीला मारली आणि मामांना म्हणाल्या, "चला, दाताच्या डॉक्टरकडे. मी येते बरोबर."

दवाखान्यात सातआठ जण रांगेनं बसले होते, कोणी गाल धरून, कोणी आतल्या मशीनच्या आवाजानं डोळे घट्ट मिटून. मामा आत गेले. बाईंनी वहीचं कोरं पान उघडलं. भीती अजून होतीच. पण इथे बसलेले सगळेच घाबरलेले होते, त्यामुळे बाईंना जरा बरं वाटलं, आणि त्यांनी समोरच्या माणसाकडे नीट बघायला सुरुवात केली.