आईच्या जाकिटातला कागद

आई गेली त्या पहाटे तिच्या कापूस भरलेल्या जाकिटात रेशीमकिड्यांच्या अंड्यांचा कागद होता. आदल्याच दिवशी तिनं तो छातीशी बांधला होता. दहा-बारा दिवस अंगाची ऊब मिळाली की अंडी फुटून अळ्या बाहेर येतात; आम्ही त्यांना बाळं म्हणतो. मी शिकवते त्या हूचौ शहरातल्या शाळेतून बोटीनं दुपारी घरी पोचले, तेव्हा काकूनं दारातच तो कागद माझ्या हातात दिला.

"बांध. सकाळपासून माझ्याकडे आहे, पण माझं अंग म्हणजे हिवाळ्यातला मासा. नुसतं गार."

"काकू, आधी आईला बघू दे."

"बांधून बघ."

मी बांधला. मग आईजवळ जाऊन बसले, तर काकू मागून हळूच म्हणाली, "हुंदके नकोत, वानयिंग. छाती हलते."

ही अंडी आईला तिच्या आईकडून मिळाली होती. दरवर्षी चांगले कोष निवडून, त्यांतून पतंग बाहेर येऊ देऊन ती नव्या कागदावर अंडी घेई. त्या जातीचा कोष कमरेत बारीक असतो, शेंगदाण्यासारखा. बाकी गाव एव्हाना बाहेरून अंडी विकत आणत होतं. हा एक कागद वाया गेला असता तर ती जात तिथंच संपली असती.

अंत्ययात्रेला गावातल्या बायका आल्या, पण कालव्याच्या पलीकडच्या काठावर उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या जाकिटात स्वतःचा कागद होता, आणि अंडी अंगावर असताना परक्याच्या सुतकाजवळ कुणी जात नाही. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी त्या दिवशी ते पाण्याचं अंतर फार वाटलं.

घरी परतल्यावर काकूनं माझ्या केसांतल्या सुतकाच्या पांढऱ्या लोकरीच्या फुलाकडे बोट केलं. "ते काढ."

"शंभर दिवस घालायचं असतं."

"घरच्या माणसाचं सुतक बाळांना चालतं. पांढरं चालत नाही."

"आणि तुला काहीच वाटत नाही?"

"एकोणतीस वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला आम्ही दोघींनी," काकू म्हणाली. तिनं तिचं पांढरं फूल केव्हाच काढलं होतं. त्या जागी बाळांच्या भरभराटीसाठी घालतात ते लाल कागदाचं फूल होतं. दुसरं तिनं माझ्यासमोर धरलं. मी ते घातलं, पण दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. माझं पांढरं फूल आईच्या दोऱ्यांच्या डबीत ठेवलं.

अकरा दिवस मी पळाले नाही, वाकले नाही, कुशीवर वळले नाही. घाटावर भाजी धुवायला गेले की पलीकडच्या घरची ताओ आजी ओरडायची, "किती महिने झाले गं मास्तरीणबाई?"

"पहिलंच आहे आजी, सांगता येत नाही."

"बाप कोण?"

काकू मागून म्हणाली, "तुतीचं झाड."

बाराव्या दिवशी सकाळी भात शिजत असताना छातीवर गुदगुल्या झाल्या. मी कागद सोडला. केसाएवढ्या काळ्या अळ्या, शेकडो, डोकी उचलून हवेत काहीतरी शोधत होत्या. मला हसू आलं. आई गेल्यापासून पहिल्यांदा, आणि इतकं की काकूला मला खाली बसवावं लागलं.

"हस. हसलेलं चालतं त्यांना," ती म्हणाली आणि हंसाच्या पिसानं एकेक बाळ तुतीच्या बारीक चिरलेल्या पानांवर उतरवू लागली.

मग बाळं वाढेपर्यंत बाहेरचं कुणी येऊ नये म्हणून दाराला लाल कागद लागला. आता सगळ्याच घरांची दारं बंद. कुणी कुणाकडे जाणार नाही, सांत्वनालाही नाही. पाच-सहा दिवसांनी बाळं खाणं थांबवून मान वर करून निजत आणि कात टाकून उठत. चौथ्या झोपेनंतर त्यांना पानं पुरेनात. चाळीस मुली एकदम पुस्तकाची पानं उलटताहेत असा त्यांच्या खाण्याचा आवाज दिवसभर घरात असे. एकदा एका टोपलीतली बाळं सुस्त पडली तेव्हा मला वाटलं, माझंच दुःख अंगातून त्यांच्यात उतरलं. काकूनं पानं हातात घेऊन पाहिली.

"ओली पानं घातलीस. दुःख-बिःख काही नाही, पोरी. पुसून घाल."

मी एकेक पान पुसलं. तिसऱ्या दिवशी टोपली पुन्हा वाजायला लागली.

अठ्ठाविसाव्या दिवशी बाळं पिवळसर, पारदर्शक झाली आणि गवताच्या पेंढ्यांवर चढली. आम्ही खाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून वाट पाहिली. चार दिवसांनी काकूनं एक पेंढी उजेडात धरली. कोषच कोष, पांढरेशुभ्र, कमरेत बारीक.

काकूनं पेंढी जपून खाली ठेवली. मग म्हणाली, "दार उघड."

कोष कसे आले ते विचारायला या दिवसांत सगळे एकमेकांकडे जातात. आमच्या घाटाला इतक्या होड्या लागल्या की शेवटच्यांना दुसऱ्यांच्या होड्यांवरून चालत यावं लागलं. लोकाटची छोटी पिवळी फळं, खारवलेले मासे, बांबूच्या पानांत बांधलेला भात. प्रत्येकीनं आधी कोष पाहिले आणि मग आईचं नाव काढलं.

"हा शेंगदाणा तिचाच," ताओ आजी म्हणाली. एका हातानं डोळे पुसत होती, दुसऱ्यानं फळ सोलत होती. "माझ्या सुनेला कागद देशील का पुढच्या वर्षी? बाहेरच्या अंड्यांत काही दम नाही."

"बांधेल का ती अंगाशी?"

"न बांधून जाईल कुठं? मी बांधायला लावीन."

काकूनं निवडलेले कोष पतंगांसाठी वेगळे ठेवले होते. दोन किड्यांनी मिळून विणलेला एक जाडा कोष मात्र तिनं आधीच उकळून घेतला होता. बोलता बोलता तिनं तो पाण्यात बोटांवर ताणला, पिळला, त्याला पाकळ्यांसारख्या घड्या घातल्या आणि दोऱ्यानं बांधलं. माझ्या केसांतलं लाल फूल काढून तिथं ते ओलं पांढरं फूल खोचलं.

"हे पांढरं चालतं?" मी विचारलं.

"बाळांनीच केलंय."

तेव्हा मी रडले. छाती हलली तरी आता हरकत नव्हती. बायकांनी मला मध्ये घेतलं आणि ताओ आजीनं सोललेलं फळ माझ्या तोंडात कोंबलं. ते गोड होतं. बी थुंकायला जागाच उरली नव्हती, इतकी माणसं घरात होती.